ॲल्युमिनात झिर्कोनिया घातला तरी प्लंजरला चिरा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. फवारणीच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपात पांढरा सिरॅमिक प्लंजर, म्हणजे पुढेमागे सरकून पाणी ढकलणारा दांडा असतो, तो आम्ही ॲल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये) बनवतो. बराचसा माल जालना, अंबडकडच्या मोसंबीवाल्यांना जातो. ॲल्युमिना झिजेला पक्का, पण ठिसूळ. फिटिंग करताना पाना निसटला की कड उडते, नाहीतर सरळ दोन तुकडे. ऐन आंबे बहारात फवारणी अडली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि बोल आम्हाला.

म्हणून वजनाने 15 टक्के झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) घालून पाहिला. 1975 साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवून दिलेली गोष्ट वाचली होती: झिर्कोनियाचे कण टेट्रागोनल या एरवी उष्णतेतच टिकणाऱ्या स्फटिकरूपात दाबून ठेवले, तर तडा जवळ येताच ते मोनोक्लिनिक या थंडपणीच्या रूपात जातात, 4-5 टक्के फुगतात आणि तड्याचं तोंड आवळतात.

भट्टी 1600 अंश, दोन तास. 24 नग निघाले, दिसायला एकदम झकास. टिचकी मारली तर तडकलेल्या माठासारखा बद्द आवाज. लाल शाई लावून पुसली, तर अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. त्याच भट्टीतला साधा ॲल्युमिना मात्र खणखणीत. झिर्कोनियाची पावडर साधी, काही न मिसळलेली, 5 मायक्रॉनची. बॉल मिलमध्ये चार तास कोरडीच फिरवली.

चूक पावडरची की मिसळण्याची? इट्रियावाली (टेट्रागोनल रूप टिकावं म्हणून यट्रियम ऑक्साइड मिसळलेली) पावडर बरीच महाग पडते, शिवाय ती ओलाव्यात कमजोर होते म्हणतात. आमचा नग तर कायम पाण्यात.

उत्तर:
दादा, मुख्य चूक पावडरची. 5 मायक्रॉनचा कण ॲल्युमिनाच्या दाबाला जुमानत नाही. भट्टी थंड होताना हजार अंशांच्या खाली तो आपणहून रूप बदलतो आणि फुगतो. तडा अडवायचा तोच तडे पाडून मोकळा होतो. भाजून निघालेल्या नगात कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास हवेत. 3 मोल टक्के इट्रियावाली बारीक पावडर घ्या आणि रात्रभर ओलं दळा. कोरड्या दळणात गुठळ्या राहतात, भट्टीत त्याच वाढून मोठे कण होतात.

ओलाव्याची भीती खरी, पण ती मुख्यतः निव्वळ झिर्कोनियाच्या नगाला, आणि 200-250 अंशांच्या वाफेत सगळ्यात जास्त. तुमच्या 15 टक्क्यांचे घनफळाने जेमतेम 10 टक्के होतात. कण सुटे सुटे असतात, त्यामुळे ओलाव्याने होणारा रूपबदल एका कणावरून दुसऱ्यावर सहसा जात नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. गुठळ्यांचा विचार डोक्यातच आला नव्हता. 2 किलो इट्रियावाली मागवतो. एकच सांगा, कण वाढू नयेत म्हणून भट्टी 1550 वर आणू का? तेवढ्यात नग पुरता घट्ट होईल ना?