ज्युनिअर मायनिंगचा शेअर अजून किती वर्षं धरून बसायचा?

मिसिसागाकर:
मंडळी, इथे टीएसएक्स व्हेंचरवरचे (कॅनडातला छोट्या कंपन्यांचा शेअर बाजार) शेअर घेणारं कोणी आहे का? उत्तर ऑन्टारिओत सोनं शोधणारी एक छोटी कंपनी, नाव नको, ३८ सेंटला घेतलेला शेअर आता ५ सेंटवर आहे. दरवर्षी तेच, उन्हाळ्यात ड्रिलिंग होणार म्हणतात, मग वणवे लागले, मग लॅबमध्ये गर्दी म्हणून रिझल्ट लांबले, मग मार्चमध्ये टोरंटोला पीडीएसीच्या, म्हणजे खाणवाल्यांच्या मेळाव्यातल्या, स्टॉलवर सीईओचे हसरे फोटो आणि पाठोपाठ नवीन प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे मोजक्या लोकांना थेट नवीन शेअर विकणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं औंसाला ४००० अमेरिकन डॉलरच्या वर गेलं तेव्हा वाटलं आता तरी हलेल, पण ढिम्म. आता १० चा १ असा रोलबॅक आणतायत, म्हणजे जुन्या दहा शेअरचा एक नवीन शेअर. बायको म्हणते विका आणि विषय संपवा. काय करू?

सबुरीवाला:
थांबा हो. ग्रेट बेअर आठवा, रेड लेकजवळचा डिक्सी प्रोजेक्ट, सोनं सापडण्याआधी शेअर डॉलरच्या आत मिळायचा आणि डिसेंबर २०२१ ला किनरॉस या मोठ्या सोन्याच्या कंपनीने शेअरला २९ कॅनेडियन डॉलरने ऑफर दिली. मधेच कंटाळून विकलेले अजून हळहळत असतील.

खडकफोड्या:
सबुरीवाले, ग्रेट बेअर सलग ड्रिल करत होती, यांचं मशीन फिरतंय कुठे? मी टिमिन्सकडे कोअर लॉगिंग (ड्रिलमधून निघालेला खडक तपासून नोंदवणं) केलंय म्हणून सांगतो, प्रेस रिलीजची हेडलाईन सोडा आणि खालचा तक्ता बघा. समजा "४० मीटरमध्ये टनाला १.२ ग्रॅम, त्यात १ मीटर ३८ ग्रॅम" असं लिहिलंय. आता तो एक मीटर बाजूला काढा, उरलेल्या ३९ मीटरमध्ये पाव ग्रॅमच्या आसपास राहतं, म्हणजे जवळजवळ नुसता दगड. ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीच्या घोटाळ्यावेळी, १९९७ ला, इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत वरून सोनं मिसळल्याचं उघड झालं आणि त्यानंतर ४३-१०१ चे, म्हणजे खाणीचे आकडे कसे जाहीर करायचे त्याचे, नियम आले, त्यामुळे धडधडीत खोटे आकडे देणं आता अवघड आहे, पण खरे आकडे सजवून मांडायला कोण अडवतंय!

वऱ्हाडी_व्हँकुव्हर:
भाऊ, ग्रॅमचं सोडा, आधी शेअर किती वाढले ते मोजा. प्लेसमेंटमध्ये घेणाऱ्याला शेअरसोबत वॉरंट मिळतं, म्हणजे पुढे ठरल्या भावाने नवीन शेअर घ्यायचा हक्क, चार महिन्यांचा होल्ड (तोवर विकता येत नाही) संपला की तो शेअर विकून पैसे मोकळे करतो आणि वॉरंट फुकटात ठेवतो. भाव जरा चढला की तेच वॉरंटवाले विकायला उभे, म्हणून तुमचा शेअर वर जायला बघतो अन् परत बसतो. आणि रोलबॅक का, तर व्हेंचरवर साधारणपणे ५ सेंटच्या खाली नवीन शेअर विकता येत नाही. १० चा १ केला की भाव कागदावर ५० सेंट, मग पुन्हा छापायला मोकळे! तुम्ही सबुरी ठेवता तोवर खाणीतला तुमचा वाटा बारीक होत जातो बाप्पा. शेवटच्या तिमाहीचा हिशोब सेडार प्लसवर, कंपन्यांची कागदपत्रं असतात त्या साइटवर, काढा, पगार आणि प्रमोशनवर किती गेले आणि जमिनीत किती गेले ते बघा. सेडी या आतल्या लोकांच्या व्यवहारांच्या साइटवर डायरेक्टर लोकांनी स्वतःच्या पैशाने बाजारातून काही घेतलंय का तेही दिसतं. नसेल घेतलं तर तुम्ही एकट्याने कशाला तप करायचं?

सीए_काकू:
एक राहिलं. विकणार असाल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळेच टॅक्समध्ये लॉस दाखवायला विकतात आणि अशा शेअरला गिऱ्हाईकच नसतं. लॉस दाखवायचा असेल तर विकल्यावर ३० दिवसांत परत घेऊ नका, बायकोच्या नावानेही नको. हे सगळं साध्या अकाउंटमध्ये असेल तरच, टीएफएसएमध्ये (करमुक्त बचत खातं) असेल तर लॉस कुठेच धरता येत नाही.

मिसिसागाकर:
टीएफएसएमध्येच आहेत हो काकू 😐 सेडी बघितलं आत्ता, सीईओने बाजारातून एकही घेतलेला नाही, सगळे कंपनीकडून मिळालेले फुकटचे ऑप्शन. सोमवारी ५ सेंटला ऑर्डर लावतो, गिऱ्हाईक मिळालं तर.

सबुरीवाला:
मला सांगा कधी लावताय, मी ४ सेंटला घ्यायला उभा राहतो.