मदत हवी आहे: टाकीसाठी हटके मासा सुचवा (घाई आहे)

उतावीळ
गप्पी, मॉली, गोल्डफिश बघून कंटाळा आलाय. कोणाकडे नसेल असा गोड्या पाण्यातला मासा हवा. दुकानात एलिफंट नोज पाहिला, हत्तीच्या सोंडेसारखं तोंड आहे. दुकानदार म्हणाला एवढाच राहतो. संध्याकाळपर्यंत ठेवतो म्हणालाय. घेऊ का? हो किंवा नाही एवढंच सांगा, प्लीज.

संथवाहते
टाकी केवढी?

उतावीळ
नॉर्मल.

संथवाहते
अहो, नॉर्मल म्हणजे? लांबी-रुंदी-उंची सांगा. आत्ता आत काय आहे, खाली वाळू आहे की खडे, झाकण आहे का, आणि टाकी कधी लावली?

खवलेकर
एलिफंट नोज सोडा, ब्लॅक घोस्ट घ्या. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन पांढरे पट्टे, पुढे-मागे सारख्याच सफाईने पोहतो. माझा हातातून खातो. यापेक्षा हटके काही नाही.

शिंपलीताई
खवलेकर, तो दीड फुटाचा होतो हे पण सांगा की. तुमची टाकी सहा फुटी आहे, सगळ्यांची नसते.

खवलेकर
वाढायला वर्षं लागतात. तोवर मोठी टाकी घेता येते.

शिंपलीताई
"नंतर मोठी टाकी घेऊ" म्हणणाऱ्यांपैकी किती जण घेतात ते आपण इथे बघतोच.

उतावीळ
२ x १ x १ फूट. खाली रंगीत खडे. सहा गप्पी आहेत, म्हणजे होते आठ. झाकण नाही, दिसायला बरं वाटतं. झालं? आता सांगा.

संथवाहते
मग नाही.

२ x १ x १ म्हणजे काठोकाठ भरली तर ५६ लिटर, खडे-बिडे धरून पन्नासच्या आत. एलिफंट नोज वीस-बावीस सेंमीचा होतो. ती सोंड वाटते ना, ते नाक नाहीच, हनुवटी आहे. तिने तो तळ चाचपत किडे शोधतो, म्हणून बारीक मऊ वाळू लागते. टोकदार खड्यांवर ती सोलवटते, मग चिघळते. शेपटीजवळच्या अवयवातून तो हलकी वीज सोडतो आणि अंधारात तिच्यावरच वाट काढतो. मेंदू तर असा खादाड की सगळ्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदूच घेतो. एवढा जीव दोन फुटात कोंडायचा, तेही गप्प्यांच्या गोंधळात? ते त्याच्या आधी खाणं पळवतील आणि हा कोपऱ्यात उपाशी बसेल.

दोन गप्पी गेले कशाने?

दोरखंड
झाकण नसेल तर काहीच घेऊ नका! माझा रोपफिश फिल्टरच्या पाइपासाठी ठेवलेल्या फटीतून गेला. पहाटे चपलांच्या स्टँडखाली सापडला, अंगाला केस आणि धूळ चिकटलेली, पण जिवंत. हवेतूनही श्वास घेतो म्हणून वाचला. पाण्यात सोडल्यावर तासाभराने जेवायला हजर. तेव्हापासून फटीत स्पंज कोंबतो.

मत्स्यगंधर्व
एक सकर टाका, टाकी आपोआप स्वच्छ राहील.

शिंपलीताई
सकर फूट-दीड फूट वाढतो आणि साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. शिवाय तो हटके कुठून झाला? प्रश्न वाचला का?

मत्स्यगंधर्व
मी आपलं सांगितलं. पटलं तर घ्या.

उतावीळ
गप्पी कशाने गेले ते माहीत नाही. अंगावर पांढरे ठिपके आले होते, म्हणून मीठ आणि ते निळं औषध टाकलं. पाणी एकदम स्वच्छ आहे हो, दर रविवारी सगळं पाणी काढून खडे धुतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळतो. पण विषय माशाचा चाललाय.

आणि झाडांसोबत बारक्या गोगलगायी आल्यात, शेकड्यांनी. त्या कशा मारायच्या तेही सांगा.

संथवाहते
विषय इथेच आहे, उतावीळराव.

माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशाला विष, तिसरं पाणी बदलून आटोक्यात राहतं. ही वसाहत बसायला चार-सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून टाकता आणि वर निळं औषध ओतता, तेही जिवाणूंना सोडत नाही. तुमची टाकी जुनी असली तरी रोज नवीच असते.

पाणी पाव-तृतीयांशच बदला, क्लोरीन काढून भरा. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा दाबा, तपकिरी गाळ निघाला की बास. पांढराशुभ्र करायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत नवा मासा नको.

पाणभवरा
फिल्टर हवाच कशाला? भरपूर झाडं लावा. मी फिल्टर वापरत नाही.

खवलेकर
तुमच्याकडे दोन मासे आहेत.

पाणभवरा
तीन.

शिंपलीताई
गोगलगायी मारू नका! उतावीळ, तुमचा मासा मला सापडला: पी पफर. जेमतेम अडीच-तीन सेंमी, पिवळसर अंगावर काळे ठिपके. केरळच्या नद्यांतला आहे, शास्त्रीय नावातच त्रावणकोर आहे. बरेचसे पफर निमखाऱ्या पाण्यातले असतात, दुकानात गोड्याचे म्हणून खपवले जातात. हा खरोखर गोड्या पाण्यातला. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो आणि गोगलगाय ही त्याची मेजवानी. कोरडं खाणं सहसा तोंडात घेत नाही, गोठवलेले ब्लडवर्म द्यावे लागतात. पण गप्पी सोबत नकोत, शेपट्या कुरतडेल.

दोरखंड
एकटाच ठेवा. दोन नर एकमेकांचा जीव घेतात.

शिंपलीताई
दोन ठेवले की घेतात. पाच-सहा ठेवा, झाडी दाट करा, राग वाटला जातो.

दोरखंड
माझ्याकडे सहाचे तीन झाले होते.

शिंपलीताई
झाडं किती होती?

दोरखंड
एक. प्लास्टिकचं.

शिंपलीताई
😐

मीनमेख
अवांतर: कासवासाठी कोणता दिवा लागतो? वेगळा धागा काढायचा कंटाळा आला.

उतावीळ
बरं. दुकानदाराला नाही म्हणून फोन केला, रागावला. पण दीड महिना थांबायचं?? तोवर टाकीत काय बघू?

संथवाहते
स्पंज.

उतावीळ
(सात आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

गप्पी माझ्या ताईच्या टाकीत गेले, तिथे आता मोजता येत नाहीत. खडे काढून वाळू घातली, झाडं एवढी लावली की मागची काच दिसत नाही. काचेचं झाकणही केलं. गप्पी गेल्यावर जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून टाकीत चिमूटभर खाणं टाकत राहिलो, संथवाहते म्हणाले म्हणून. अमोनिया, नायट्राइट दोन आठवडे शून्य दिसल्यावर पाच पी पफर आणले. त्यातला एक दादा आहे, पण बाकीचे झाडीत सटकतात, कोणाची शेपटी फाटलेली नाही.

काल त्यातला एक काचेवरच्या गोगलगाईसमोर शेपूट दुमडून तरंगत होता. एक डोळा तिच्यावर, एक माझ्यावर. मग टक्. शंख तेवढा हळूहळू खाली गेला.

आता अडचण अशी की गोगलगायी संपत आल्या आहेत. त्या लवकर कशा वाढवायच्या? जरा घाई आहे.

संथवाहते
वेगळ्या बरणीत वाढवा. बरणी केवढी आहे?

उतावीळ
नॉर्मल.

मीनमेख
कासवाचं कोणी सांगेल का?