ईको घ्यायची म्हणतोय आमचा प्रशांत

सुनंदा (बी-३०१), सकाळी ७.४२
नमस्कार मंडळी. सकाळी सकाळी त्रास देते. आमचा प्रशांत डब्यांच्या धंद्यासाठी जुनी मारुती ईको व्हॅन घ्यायची म्हणतोय. कोल्हापूरची आहे, एमएच-०९. २०१८ चं मॉडेल, दलाल ३ लाख १० हजार सांगतोय. उद्या संध्याकाळपर्यंत २५ हजार टोकन टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. पोरगा ह्यांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. कुणाला ह्यातलं कळत असेल तर सांगा. जिवाला घोर लागलाय.

रमेश (सी-२०४)
वहिनी, दुसरं गिऱ्हाईक कायम तयारच असतंय. माझ्या सासऱ्यांना पण माझ्याबद्दल तेच सांगितलं होतं 😀

अशोक कुलकर्णी (ए-१०२)
गाडी घेण्यास आमचा विरोध नाही. परंतु ती लावणार कुठे? सभेत ठरले आहे, एका फ्लॅटला एक चारचाकी. आपली एक कार आधीच आहे.

सुनंदा (बी-३०१)
अशोकभाऊ, गाडी अजून घेतली नाही हो.

बसवराज (सी-१०१)
काकू, एमएच गाडी घ्यायला हरकत नाही, पण पुढचा खर्च धरलाय काय? कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला पाहिजे, फॉर्म २८. तिकडं चलन थकलेलं असलं किंवा फायनान्स असलं की एनओसी अडकलीच. मग इथं कर्नाटकात केए नंबर, त्याचा फॉर्म २७. परत कर्नाटकचा लाइफ टॅक्स, म्हणजे एकदाच भरायचा रोड टॅक्स. तिकडं भरलेला टॅक्स परत पाहिजे तर तिकडंच अर्ज, तिकडंच हेलपाटे. गाडी स्वस्त दिसते ती ह्याच्यामुळंच री.

प्रशांत (बी-३०१)
बसू अण्णा, आपल्या इथं निम्म्या गाड्या एमएच नंबरच्याच फिरतात की. निपाणीत जाऊन बघा.

बसवराज (सी-१०१)
फिरतात, खरं री. पण कायद्यात १२ महिने आहेत. त्याच्यापुढं दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो. तू रोज उद्यमबागला डबे घेऊन जाणार, एक दिवस अडवतीलच.

देशपांडे काका (ए-३०२)
सुप्रभात 🙏 प्रशांत, आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, हे पाहिलेस काय? बोजा असल्यास बँकेची एनओसी व बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. मी ३१ वर्षे बँकेत काढली आहेत.

रमेश (सी-२०४)
काका, तुमची ३१ वर्षं आता वॉचमनला पण पाठ झालीत.

देशपांडे काका (ए-३०२)
रमेश, वयाचा मान ठेवून बोलत जावे.

रमेश (सी-२०४)
गंमत केली ओ काका. बरं प्रश्या, गाडी बघून आलास काय नुसते फोटोच?

प्रशांत (बी-३०१)
बघून आलोय. चकाचक आहे. सीट कव्हर नवीन, मॅटिंग नवीन. ४१ हजार किलोमीटर फक्त.

रमेश (सी-२०४)
मॅटिंग नवीन म्हणजेच बघायला पाहिजे लेका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली होता. कोल्हापूर-सांगलीच्या किती गाड्या बुडाल्या त्या टायमाला, आणि २०२१ ला परत. त्या काय समुद्रात टाकल्या काय? धुतल्या, पुसल्या, आणि असंच कुणाच्यातरी गळ्यात.
सीट बेल्ट आहे न्हवं, तो शेवटपर्यंत ओढ. पार मुळापर्यंत. वरचा भाग सगळेच धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाचा डाग तसाच राहतो. मागची सीट काढून मॅट उचल, पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचा दांडा मार. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला थप्प करतो. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, ती सीट उचलून टॉर्चनं कोपरे बघ. धुतलेल्या गाडीत पण वायरिंगच्या जोडाला माती सापडते.
आणि ४१ हजार म्हणतोय तर क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघ. रबर गुळगुळीत झालं असलं तर किलोमीटरचा काटा मागं फिरवलाय.

सुनंदा (बी-३०१)
अगं बाई.

अशोक कुलकर्णी (ए-१०२)
पार्किंगविषयी माझ्या संदेशास कोणी उत्तर दिलेले नाही. एका फ्लॅटला एक चारचाकी.

पाटील सर (बी-१०३)
इतकं घाबरवू नका पोराला. मी पण ओम्नी विकली, कुठला दलाल नाही, कुठली भानगड नाही. हातावर पैसे, चावी दिली, विषय संपला.

रमेश (सी-२०४)
सर, विषय संपला तर खानापूर रोडवर सिग्नल तोडल्याचं चलन परवा तुमच्या मोबाईलवर कसं काय आलं?

पाटील सर (बी-१०३)
ते माझं मी बघतो.

मीनाक्षी (ए-२०१)
सर, खरंच बघा. आरसीवर अजून तुमचं नाव आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवसांत एनओसी वगैरे. घेणाऱ्याला ३० दिवस.
प्रशांत, तुझ्या बाजूनं सांगते. विम्याला १४ दिवसांत अर्ज करून तुझं नाव लावून घे. थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुझ्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली तर कंपनी हात वर करते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याची; ती तुला मिळणार नाही. दलालाने ते पण किमतीत धरलं असेल तर काढायला सांग.

पाटील सर (बी-१०३)
हा संदेश हटवला आहे.

प्रशांत (बी-३०१)
ताई, गाडी घेतल्यावर काही निघालं तर? दलाल म्हणतो ६ महिने इंजिनची गॅरंटी.

मीनाक्षी (ए-२०१)
तोंडी ना? मग ती गॅरंटी नाही, गप्पा आहेत. जुन्या वस्तूत बघून घ्यायची जबाबदारी बहुतेक घेणाऱ्यावरच येते. पण मालकी खोटी निघाली किंवा लपवलेला बोजा निघाला तर विकणारा सुटत नाही, १९३० च्या माल विक्री कायद्यात ते आहे. म्हणून कागदावर घे: किलोमीटर किती, अपघात नाही, पाण्यात बुडालेली नाही, बोजा नाही, खाली सही. पैसे खात्यावरून दे, तेही विकणाऱ्याच्या. पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर धंद्याची म्हणून तुला बाहेर काढत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन करून विचारलं तरी चालतं.
आणि मंडळी, हे फुकट सांगतेय, गेल्या वर्षी जनरेटरच्या करारावेळी पण फुकटच सांगितलं होतं. तेव्हा किती जणांनी ऐकलं ते माहीत आहे सगळ्यांना.

अशोक कुलकर्णी (ए-१०२)
जनरेटरचा निर्णय समितीचा होता, माझा एकट्याचा नव्हता.

मीनाक्षी (ए-२०१)
मी कुणाचं नाव घेतलं नाही.

बसवराज (सी-१०१)
जनरेटर सोडा री. प्रशांत, तो दलाल म्हणजे दुकान हाय की नुसता फोनवाला? २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतंय. मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला ऑनलाइन कळवायचं असतं, फॉर्म २९सी. ते असलं की कागदोपत्री तोच जबाबदार.

प्रशांत (बी-३०१)
दुकान असं नाही. गांधीनगर रोडला एका मोकळ्या जागेत गाड्या लावलेल्या असतात.

देशपांडे काका (ए-३०२)
माझा प्रश्न अनुत्तरित आहे. आरसीवर बोजा आहे काय?

सुनंदा (बी-३०१)
काका विचारतायत ते बघ रे आधी.

वॉचमन शंकर
टँकर आलाय. बी विंगवाल्यांनी गाड्या काढा.

प्रशांत (बी-३०१), सकाळी ९.१५
सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव अर्धं फुल्या मारून दाखवतंय, पण दलाल जे नाव सांगतोय त्याचं ते नाही, आद्याक्षर पण जुळत नाही. मालक नंबर २ लिहिलंय. फायनान्स: होय. इंधन नुसतं पेट्रोल आहे, आणि गाडीत तर सीएनजी किट आहे.

देशपांडे काका (ए-३०२)
🙏

रमेश (सी-२०४)
काकांचा आजचा दिवस सोन्याचा.

बसवराज (सी-१०१)
किट आरसीवर नाही म्हणजे बाहेरून बसवलेलं. दर ३ वर्षांनी टाकीची तपासणी लागते, त्याचा कागद माग, नसणार बघ. उद्या गाडीला काही झालं तर विमावाला पहिलं हेच काढणार.

प्रशांत (बी-३०१)
दलालाला फोन केला. म्हणतो मालक बाहेरगावी असतो, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्यात, नाव-तारीख आपण भरायची. हप्ते फिटलेत, फक्त कागद यायचाय.

मीनाक्षी (ए-२०१)
कोऱ्या फॉर्मवर सह्या म्हणजे गाडी मधल्यामध्ये किती जणांच्या हातातून गेली ते कुणालाच माहीत नाही. हप्ते थकले असतील तर फायनान्सवाले तुझ्या दारातून गाडी ओढून नेतील, आणि तुझ्याकडे दाखवायला काय? त्या मालकाशी व्हिडीओ कॉल तरी लावून दे म्हणावं, आणि फायनान्स कंपनीचं पत्र. दोन्ही आल्याशिवाय एक रुपया नाही.

प्रशांत (बी-३०१), दुपारी १.३०
व्हिडीओ कॉल म्हटल्यावर आवाज चढला त्याचा. "विश्वास नसेल तर घेऊ नका." टोकन टाकत नाही मी.

सुनंदा (बी-३०१)
देव पावला. सगळ्यांचे आभार.

अशोक कुलकर्णी (ए-१०२)
योग्य निर्णय. तरीही भविष्यासाठी नोंद असावी, एका फ्लॅटला एक चारचाकी.

रमेश (सी-२०४)
अशोकराव, तुमच्या मेव्हण्याची स्विफ्ट दिवाळीपासून जिन्याखाली आहे. ती कुठल्या फ्लॅटची?

अशोक कुलकर्णी (ए-१०२)
ते पाहुणे आहेत.

पाटील सर (बी-१०३)
बसवराज, जरा खाजगीत फोन कराल काय? ओम्नीचं बघायचं होतं.

बसवराज (सी-१०१)
करतो सर. आणि प्रशांत, चिकोडीला एक ईको आहे माझ्या ओळखीत. केए-२३, मालक एकच, नाव आरसीवर त्याचंच. मालक स्वतः दाखवणार. पैसे थोडे जास्त मागतोय, पण एनओसीचं झंझट नाही. मागच्या सीट मात्र काढून टाकल्यात, माल भरायला. त्या परत बसवून देणार असला तरच घे, आरसीवर ५ सीट आहेत.

प्रशांत (बी-३०१)
रविवारी जाऊ काय? रमेशमामा येणार?

रमेश (सी-२०४)
येतो की. टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर माझा. साडेसहाला निघू. आणि बसू, त्या माणसाला सांगून ठेव, आम्ही पोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नको म्हणावं. इंजिन गार पाहिजे.