विषय: इतिहास स्पर्धा आणि आपल्या शेजारच्या आनंदीबाई

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवातल्या वक्तृत्वात यंदाही बहुतेक मुलांनी शिवराय सांगितले. मनापासून सांगितले, पण भाषण बहुतेकांना आजीनं फोनवरून लिहून दिलं होतं. मुलांनी स्वतः काही शोधावं असं फार वाटतं.

नॅशनल हिस्टरी डे ही अमेरिकेतल्या सहावी ते बारावीच्या मुलांची इतिहास स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलँडला सुरू झाली. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्य किंवा वेबसाइट, यांतलं काहीही करता येतं. जिल्हा, मग राज्य, आणि अंतिम फेरी जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठात. वापरलेल्या प्रत्येक साधनाचा उपयोग काय झाला, तेही लिहून द्यावं लागतं.

विषय तर इथेच, न्यू जर्सीत आहे. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या आणि रोझेलला थिओडिशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंकडे राहिल्या. त्याच जानेवारीत रोझेलमध्ये एडिसनचे विजेचे दिवे लागले होते. मूळच्या कल्याणच्या अठरा वर्षांच्या मुलीनं त्या गावात काय पाहिलं असेल? कुणी शोधणार का?

— मराठी शाळेतली ताई

---

ताई,

कल्पना चांगली, पण मुलांना आधीच शाळा, पोहणं, तबला. शेवटी प्रकल्प आईबाबाच करतील. शिवाय आनंदीबाई सगळ्यांना ठाऊक आहेत.

— कार्यकारिणीतले काका

---

काका,

आईबाबांबद्दलची शंका रास्त आहे. पण काम मुलांचंच असावं असा स्पर्धेचा नियम आहे आणि परीक्षक मुलांना समोर बसवून प्रश्न विचारतात. दुसऱ्यानं केलेलं तिथे टिकत नाही.

आणि ठाऊक म्हणजे किती? 'पहिल्या भारतीय महिला डॉक्टर' एवढंच आपण म्हणतो. त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली १८८६ मध्ये, आणि त्याच साली कादंबिनी गांगुलींनी कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं. मग 'पहिल्या' म्हणजे नेमकं काय? मुलांनी अस्सल कागद बघून ठरवावं. आनंदीबाईंच्या कॉलेजची कागदपत्रं फिलाडेल्फियातच, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्यापासून दोन तासांवर!

— ताई

---

ताई, काका,

मध्येच बोलते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत गेलो होतो. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, त्यांचे पती गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिथे आनंदीबाईंचा दगड आहे. माझ्या सातवीतल्या लेकीनं तो वाचला. 'शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री', अशा अर्थाचं त्यावर कोरलंय. नावापुढे एम.डी. आहे, पण पहिल्या डॉक्टर असं कुठेच नाही. ती म्हणाली, "आई, हे कुणी ठरवलं?" मला उत्तर देता आलं नाही. तोच तिचा प्रश्न व्हावा असं आता वाटतंय.

आणखी एक. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर आलेले आपले आजी-आजोबा इथे बसलेले आहेत. त्यांच्या मुलाखती हेसुद्धा अस्सल साधनच. माझे सासरे बोलायला तयार आहेत, फक्त मुलांनी मराठीत विचारावं एवढीच त्यांची अट आहे.

फिलाडेल्फियाला न्यायला माझी गाडी आहे, पाच मुलं बसतील. संग्रहात आधी वेळ घ्यावी लागेल, ते मी सोमवारी फोन करून विचारते.

— एक पालक