मोठी मानवाकृती चित्रं: मध्यरेषेवर टांगायची की चित्रातल्या नजरेवर?

गेरू
चित्रकार सुधीर पटवर्धनांचं ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९-२० मध्ये मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) झालं. एवढी मोठी माणसांची चित्रं भिंतीवर चढतात, तर ती किती उंचीवर लावावीत यावर नीट बोलायला हवं. आपल्याकडे सरसकट एकच हिशेब चालतो: चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सें.मी.वर. निसर्गचित्राला तो चालून जातो. पण पटवर्धनांच्या ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) सारख्या चित्रात मध्य मोजून काय हाती लागतं? आकृती उभी असेल तर तिचे डोळे १५० ते १५५ वर हवेत, बसलेली असेल तर ११५ ते १२० वर, म्हणजे माणूस खरोखर खुर्चीत बसतो तिथे. १९७५ ते २००५ ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या चित्रकारानं रंगवलेले देह आहेत हे. मान, खांदे, टेबलावर टेकलेलं कोपर, सगळ्यांचा भार खाली जातो. चित्र वर चढवलंत की तो भार अधांतरी राहतो.

ताणपट्टी
अजिबात पटलं नाही. आधी आकडे मांडू. मध्य १५० वर धरला तर ५ फुटी (१५२ सें.मी.) चित्राची खालची कड ७४ वर येते, ७ फुटी चित्राची ४३ वर आणि ९ फुटीची १३ वर. चित्र वाढेल तसा हाच नियम त्याला खाली उतरवतो. तक्रार उरते ती ५ फुटांच्या आसपासच्या चित्रांपुरती. शिवाय गर्दीच्या चित्रात वीस माणसं असतात, डोळे कुणाचे धरायचे? आणि ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ (२०१४) सात फलकांचं आहे. तिथे सातही फलकांची कड एका रेषेत हवी, अर्ध्या सेंटीमीटरचा फरकही लांबून खटकतो.

गेरू
गर्दीत डोळे धरू नका, क्षितिज धरा. ‘लोअर परळ’ (२००१) सारख्या शहरचित्रात आपण उंचावरून पाहतो, क्षितिज बरंच वर असतं. चित्र १८३ सें.मी. उंच आणि क्षितिज खालून १३७ वर असेल, तर खालची कड १३ वर ठेवली की क्षितिज बरोबर १५० वर येतं. पाहणारा आपोआप चित्रकाराच्या जागी उभा राहतो.

ताणपट्टी
आणि पुढची माणसं त्याच्या गुडघ्यापाशी जातात! त्यांचे चेहरे पाहायला वाकावं लागेल. तेच चेहरे पाहायला तर लोक येतात. पटवर्धनांच्या शहरचित्रांत बऱ्याचदा एकाहून जास्त जागांवरून पाहिलेलं असतं, त्यातलं एकच क्षितिज निवडणं ही चित्रावर जबरदस्ती आहे.

झोत
दोघंही उंचीवर अडलात, मागे सरकायला जागा किती आहे ते बघा. चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर तरी हवं. ६ बाय ९ फुटांच्या चित्राचा कर्ण जवळजवळ ११ फूट, म्हणजे १६-१७ फूट मोकळे. तेवढे नसतील तर कड १३ वर असो की ४३ वर, चित्र तुकड्यातुकड्यांतच दिसणार.

प्रकाशाचंही तसंच. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर ठेवतात, पण चित्र उंच असलं की वरचा भाग उजळतो आणि खालचा तिसरा हिस्सा मंद पडतो. खाली टांगायचं तर दिवे भिंतीपासून आणखी लांब घ्या. वार्निश केलेल्या तैलचित्राची वरची कड दोन-तीन सें.मी. पुढे झुकवली की चकाकी बरीच कमी होते.

ताणपट्टी
हे मान्य. त्यात भिंतीची गोलाई धरा. एनजीएमएच्या घुमटाखालच्या दालनासारखी आतून गोल भिंत असेल आणि त्रिज्या १० मीटर धरली, तर ३ मीटर रुंद चित्राच्या दोन्ही कडा टेकतात आणि मधे ११ सें.मी. पोकळी राहते. कडांवर भार देऊ नका, पोकळीच्या मापाचे लाकडी ठोकळे मागे लावा. टांगायला मागे तारही नको. तार चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना आत ओढते, मोठी चौकट वाकते आणि कोपऱ्यांत कॅनव्हासला सुरकुत्या येतात. चौकटीला दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), भिंतीत दोन स्वतंत्र हूक.

गेरू
तार नको हे बरोबर. ५ फुटी चित्रांत कड ७४ वर मात्र मी मानणार नाही.

ताणपट्टी
आणि १३ वर मी मानणार नाही. लादी पुसणाऱ्याचा ओला फडका, लहान मुलांचे बूट, पाठीवरची सॅक, सगळं तिथेच लागतं. भिंतीपासून ७५ सें.मी. अंतरावर जमिनीवर पट्टी आखून लोकांना मागे ठेवणार असाल तर ३० पर्यंत उतरायला माझी हरकत नाही.

गेरू
३० चालेल, पण पट्टी जमिनीवर रंगवलेलीच हवी. दोरीचे खांब उभे केलेत तर ते चित्रातल्या माणसांच्या पायांवर येतील.