अनुभव धागा: अपंग दोस्त आणि रोजचा व्यवहार

अपंग मित्राचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात: त्याची जिद्द, नाहीतर आपला त्याग. दोन्हींचा कंटाळा आला, म्हणून हा धागा. अशा जवळच्या दोस्ताबरोबर फिरताना, काम करताना, भांडताना प्रत्यक्षात काय होते ते लिहा. गोव्यातले असेल तर उत्तम. आपली फेरीबोट नि आपल्या जत्रा बाहेरच्याला सांगून कळत नाहीत. स्वतः अपंग असलेल्यांनीही जरूर लिहावे. दोस्ताचे नाव नको, आणि लिहिण्याआधी त्याला विचारा.

पडद्यामागचा, म्हार्दोळ

आमच्या दोस्ताला लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा. जत्रेच्या नाटकात तो दरवर्षी राजा. राजा सिंहासनावर बसतो, म्हणून! आवाज खणखणीत, पाठांतर चोख, त्यामुळे कुणाला काही वावगे वाटत नसे. एका वर्षी तालमीत तो म्हणाला, "मला सेनापती पाहिजे. फिरणारा." दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले, मी त्याचा पालक असल्यासारखे. मी वहीत डोके घातले. त्याचे भांडण त्याने करायचे, हा आमचा जुना करार. दोघांची चांगलीच जुंपली आणि हा सेनापती झाला.

मग निघाला कॅलिपरचा प्रश्न. लाकडी रंगमंचावर ठोका जोरात वाजतो. कुणी म्हणाले, बुटाखाली रबर लाव. हा म्हणाला, "वाजू दे की. तबला तेवढा थांबवा." त्यामुळे विंगेतून आधी ठोके यायचे, मग सेनापती. पुढच्या रांगेत पेंगणारे म्हातारे ताठ बसले. मध्ये एक वाक्य विसरला, ते मी दिले. नाटक संपल्यावर 'उशिरा दिलेस' म्हणून शिव्या मलाच. पुढच्या वर्षी सामाजिक नाटक बसले, त्यात त्याला सासऱ्याची भूमिका. आरामखुर्चीत. परत भांडण सुरू.

खोर्लीकर

माझी मैत्रीण दिवाडी बेटावरची. इतिहास शिकवते. मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरते. तिच्यामुळे मला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ झाल्या. भरतीला धक्क्यावरून बोटीत जाणे सोपे. ओहोटीला उतार लांबतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. तीव्र उतारावरून खाली जाताना खुर्ची उलटी वळवायची आणि ढकलणाऱ्याने खालच्या बाजूला राहून पाठमोरे उतरायचे. तोंड पुढे ठेवले तर माणूस खुर्चीतून घसरतो. खलाशी मदतीला धावतात, पण खुर्ची धरतात हात टेकायच्या दांड्यांना. पुष्कळ खुर्च्यांचे ते दांडे सुटे असतात, उचलले की हातात येतात. ती आता आधीच बजावते, "दादा, आधी विचारा, मग चौकटीला धरा."

एकदा बेटावरून नार्व्याच्या फेरीबोटीने सप्तकोटेश्वराला गेलो. हा देव मूळचा दिवाडीचा, त्यामुळे बाईंचा तोरा माहेरी आल्यासारखा. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देऊळ पुन्हा बांधायला लावले, त्याचा शिलालेख दारावर आहे. खुर्चीतून मान वर करून तिने तो वाचला, मला अक्षर अन् अक्षर समजावले. तोवर ओहोटी लागली. पुढचे लिहीत नाही, दोघींचे कपडे फुकट गेले.

गवंडी, डिचोली

लहानच सांगतो. चढायची उंची एक फूट असेल तर रॅम्प बारा फूट लांब पाहिजे. एका सभागृहात तो चार फुटांत उरकला होता. दोस्त तीनचाकी खुर्ची घेऊन वर बघत म्हणाला, "ही घसरगुंडी कुणासाठी?" मोजपट्टी आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन दोघे गेलो. बोलला तो, मी मोजून दाखवले. नवीन रॅम्प मीच बांधला. मजुरी घेतली, फुकट केलेले नाही.

मागे बस, मडगाव

'ती अपंग मैत्रीण' म्हणजे मी. माझ्याकडे बाजूला चाके लावलेली स्कूटर आहे, आणि माझ्या मैत्रिणीला सायकलसुद्धा येत नाही. बाजार, डॉक्टर, तिच्या मुलाची शिकवणी, सगळीकडे तिला मी नेते. लोक मात्र तिला म्हणतात, "किती करतेस गो तिच्यासाठी!" ती "काय करणार" म्हणून सुस्कारा सोडते आणि माझ्या मागे बसते. चपलांच्या दुकानात माणूस तिला विचारतो, "यांना काय दाखवू?" तिचे ठरलेले उत्तर, "त्यांनाच विचारा, पैसे त्यांच्याकडे आहेत."

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांचा महोत्सव, झाला, तेव्हा दोघी गेलो होतो. तिथे माझ्याकडे वळून कुणी बघत नव्हते. नुसत्या फिरलो, खाल्ले, आणि परतताना कुठल्या रस्त्याने जायचे यावरून मडगावपर्यंत भांडलो. तिला रस्ते कळत नाहीत, पण मत असते. पेट्रोलचे अर्धे पैसे द्यायचे तिने कधीपासून कबूल केले आहे. ती हे वाचणार, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.