कोइम्बतूरच्या ट्रॅकवर टर्बो पेट्रोल गाडी चौथ्या फेरीपासून तापते: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे दीड लिटरची टर्बो पेट्रोल सेडान आहे. एरवी ती पुण्यात रोजच्या वापरात असते आणि वर्षातून दोन-तीनदा मी ती ट्रॅकवर नेतो. गेल्या महिन्यात कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन दिवस गाडी चालवली. इंजिनात कोणताही बदल केलेला नाही, फक्त ब्रेक पॅड आणि टायर चांगले घातले आहेत.

पहिल्या दिवशी दोन फेऱ्या गाडी अतिशय छान पळाली. तिसऱ्या फेरीपासून सरळपट्टीवर ती दमल्यासारखी वाटू लागली आणि सहाव्या फेरीत तापमानाचा लाल दिवा लागला. नवल म्हणजे तोपर्यंत डॅशबोर्डवरचा काटा मध्यावरून तसूभरही हलला नव्हता. मी पिटमध्ये येऊन लगेच इंजिन बंद केले. त्यानंतर पंखा बराच वेळ मोठ्याने फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी एका मित्राकडून ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे उपकरण) घेऊन मोबाइलवर आकडे नोंदवले. बाहेरचे तापमान ३४ अंश सेल्सिअस होते. दुसऱ्या फेरीच्या शेवटी इंजिनात जाणारी हवा ५२ अंश आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ९४ अंश होते. चौथ्या फेरीत हवा ७१ अंशांवर गेली, तरी कूलंट ९९ अंशच होते. सहाव्या फेरीत कूलंट ११३ अंशांवर पोहोचले आणि मी गाडी बाहेर काढली. ऑइलचे तापमान या गाडीत दिसत नाही.

पुण्यातल्या एका गॅरेजने रेडिएटर मोठा बसवून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. खर्च करायला माझी हरकत नाही, पण आधी नेमके काय बिघडते आहे ते मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपण आकडे नोंदवलेत ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण उत्तर त्या आकड्यांच्या क्रमातच आहे. गाडीचा जोर कमी झाला तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत, तर कूलंट तापले त्यानंतर दोन फेऱ्यांनी. म्हणजे सुरुवातीला जाणवलेला अशक्तपणा रेडिएटरमुळे आलेला नाही. तो इंजिनात शिरणाऱ्या तापलेल्या हवेमुळे आला आहे.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ३५ अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती टर्बोतून बाहेर पडताना सुमारे १३० अंशांवर असते. ही उष्णता काढून घेणे हे इंटरकूलरचे काम. रस्त्यावर आपण दहा-पंधरा सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर देतो आणि मग सोडतो, तेवढ्यात इंटरकूलर पुन्हा थंड होतो. ट्रॅकवर त्याला ती उसंत मिळत नाही. कारीची एक फेरी २.१ किलोमीटरची आहे आणि वळणे जवळजवळ आहेत. त्यामुळे पूर्ण जोर वारंवार लावला जातो, पण सलग मोठ्या वेगाने मिळणारा वारा मात्र कमी पडतो.

आत जाणारी हवा ७० अंशांच्या पुढे गेली की नॉकिंगचा (पेट्रोल चुकीच्या वेळी आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क उशिरा देतो. जोर जातो तो इथे. शिवाय उशिरा दिलेल्या स्पार्कमुळे ज्वलन लांबते आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडणारे वायू अधिक गरम होतात. पेट्रोल टर्बो इंजिनात हे वायू पूर्ण जोरावर सहज ९०० अंशांच्या वर असतात. ते टर्बोला आणखी तापवतात आणि टर्बोच्या बेअरिंगमधून जाणारे ऑइल व कूलंट ती उष्णता अंगावर घेतात. आपल्या सहाव्या फेरीतल्या ११३ अंशांची पाळेमुळे चौथ्या फेरीतल्या ७१ अंशांत आहेत, असे माझे मत आहे.

थर्मोस्टॅट मात्र काढू नका. तो रेडिएटरकडे जाणारी वाट कधी उघडायची एवढेच ठरवतो. ९९ अंशांना तो बहुधा पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे तो काढून रेडिएटरची क्षमता वाढत नाही. उलट पुण्याच्या थंडीत इंजिन वेळेवर गरम होणार नाही आणि ऑइलमध्ये पेट्रोल व पाण्याचा अंश साठत जाईल.

काट्याबद्दल सांगायचे, तर अनेक गाड्यांत तो मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. साधारण ८० ते १०५ अंशांच्या दरम्यान काहीही झाले तरी तो मध्यावरच राहतो. ट्रॅकवर त्याच्यावर विसंबू नये.

प्रतिसाद २

वरच्या विश्लेषणाशी मी सहमत आहे. मी कोल्हापूरला गाड्यांचेच काम करतो, म्हणून हाताने तपासण्याच्या गोष्टी सांगतो. नवीन काहीही विकत घेण्याआधी पुढचा बंपर उतरवा. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर बहुतेक गाड्यांत एकामागे एक उभे असतात. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत अडकलेला असतो. तिथे टॉर्च मारून पाहा. धुताना पाणी कमी दाबाने आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला सोडा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर रेडिएटरच्या पातळ धातूच्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचाच बंद होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फटी. हवा नेहमी सोपी वाट धरते. बंपरच्या तोंडातून आत आलेल्या हवेला रेडिएटरच्या कडेने निसटायला जागा मिळाली, तर ती पाकळ्यांमधून कशाला जाईल? उष्णता सोसणारा दाट फोम किंवा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावून चारही बाजू बंद करा. हे काम स्वस्त आहे आणि माझ्या अनुभवात मोठ्या रेडिएटरच्या आधी हेच करावे. इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण काढल्याने इंजिन थंड राहते असा समज आहे, तोही बाजूला ठेवा. गाडी वेगात असताना ते आवरण गरम हवा मागे खेचली जायला मदत करते. बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलण्याची पद्धतही अशीच फसवी आहे, कारण काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि हवा बाहेर येण्याऐवजी तिथून आत शिरू शकते.

कूलंटचे मिश्रणही तपासा. शुद्ध पाणी किलोमागे प्रत्येक अंशाला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता वाहून नेते, तर निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधला गोठण्यापासून वाचवणारा घटक) असलेले मिश्रण साधारण साडेतीन. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नसते. त्यामुळे गंजरोधकाचे प्रमाण सांभाळून, गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तेवढे, ग्लायकॉल कमी ठेवता येते. पाणी मात्र डिस्टिल्डच वापरा. आणि कूलंटच्या झाकणाचे रबर चाचपून पाहा. १.१ बार दाब टिकला तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण गळके असेल तर तेच कूलंट ११० अंशांच्या आसपास उकळू लागते. आपण ११३ अंशांपर्यंत गेला होता, हे लक्षात घ्या.

ऑइलचे तापमान दिसत नाही हीच मला सर्वांत मोठी उणीव वाटते. सेन्सर बसवून घ्या. १३० अंशांच्या पुढे ऑइल गेले तर ते सत्र तिथेच थांबवावे. कंपनीने त्या इंजिनासाठी मान्य केलेल्या ऑइलच्या प्रकारांमध्ये ५डब्ल्यू-४० (ऑइलच्या दाटपणाची श्रेणी) असेल, तर ट्रॅकच्या दिवसांसाठी तेच घ्यावे. ०डब्ल्यू-२० पेक्षा त्याचा थर अशा उष्णतेत अधिक जाड राहतो. बदलीचा कालावधीही निम्म्याहून कमी करा.

प्रतिसाद ३

मी चेन्नईत राहतो आणि इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नियमित जातो. तिथली फेरी ३.७ किलोमीटरची आहे आणि हवा कोइम्बतूरपेक्षा दमट असते. एकही पैसा खर्च न करता मला ज्याचा सर्वाधिक उपयोग झाला ते म्हणजे फेऱ्यांची आखणी. एक फेरी टायर आणि ऑइल गरम करण्यासाठी, मग दोन किंवा तीन फेऱ्या पूर्ण जोराने आणि त्यानंतर एक पूर्ण फेरी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ब्रेक जवळपास न वापरता. या शेवटच्या फेरीत वारा भरपूर मिळतो आणि टर्बोवर भार नसतो. दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे राहून चालवू नका. तिची गरम हवाच आपल्या इंटरकूलरला मिळते. पुढच्याला जाऊ द्यावे आणि मोकळी जागा घ्यावी.

पिटमध्ये आल्या आल्या इंजिन बंद केलेत, ते मात्र टाळायला हवे होते. इंजिन बंद होताच ऑइलचा पंप थांबतो, पण टर्बोचे लोखंड तापलेलेच असते. बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथे जळून काळा कठीण थर धरते. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो, तरीही दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवणे चांगले. बॉनेट उघडा, कूलंटच्या झाकणाला हात लावू नका आणि हँडब्रेक न ओढता चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवा. लाल दिवा लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवा. हीटरचा गाभा म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. केबिनमध्ये बसवत नाही, पण पिटपर्यंत येता येते.

पेट्रोलही चांगल्या ऑक्टेनचे घ्या. त्याने उष्णता कमी होत नाही, पण नॉकिंग लांबते आणि ईसीयूला स्पार्क तितका उशिरा द्यावा लागत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी बंपर उतरवला. समोरून सगळे ठीक दिसत होते. कंडेन्सरचे दोन बोल्ट सैल करून तो थोडा पुढे घेतला, तेव्हा मागे रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या भागावर बोटभर जाडीचा नमदा चिकटलेला दिसला. शेवरीचा कापूस, वाळलेले गवत, किड्यांचे पंख आणि त्यावर बसलेली लाल धूळ असा तो होता. हाताने ओढला तर जाजमासारखा एकसंध निघून आला. पुणे ते कोइम्बतूर सुमारे बाराशे किलोमीटर महामार्गाने गाडी नेतो, त्याचाच हा साठा असावा. रेडिएटरच्या डाव्या बाजूला तीन बोटे जातील एवढी उघडी फटही आहे.

मोठ्या रेडिएटरचा विचार सध्या थांबवला आहे. धुलाई झाली, झाकण बदलले, फोम आणला आहे. ऑइलच्या सेन्सरसाठी फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट घ्यावी, की ऑइल पॅनच्या ड्रेन बोल्टच्या जागी बसणारा सेन्सर घ्यावा, एवढेच आता ठरवायचे आहे.

प्रतिसाद २

सँडविच प्लेट घ्या. ड्रेन बोल्टचा सेन्सर गाडीतला सर्वांत खालचा भाग ठरतो आणि आपल्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांना तो लागण्याची शक्यता असते. शिवाय पुढे ऑइल कूलर बसवायचा झाला, तर थर्मोस्टॅट असलेली प्लेट आत्ताच घेतल्यास तीच कामी येईल. बसवल्यावर पहिल्या दिवशी इंजिन गरम करून बंद करा आणि प्लेटच्या कडेने कोरडा कागद फिरवून गळती पाहा. मगच गाडी ट्रॅकवर न्या.